साक्ष

रविवारी महिला मंडळात माझी पाळी होती.
पाळकीणबाई म्हणाल्या, कृपावती, या वेळी तू साक्ष दे.
माझ्याकडे साक्ष नव्हती.
कुणाची गाठ विरघळली होती प्रार्थनेनं,
कुणाच्या मुलानं दारू सोडली,
हिवाळे मावशींना तर स्वप्नात पांढरा झगा दिसलेला.
माझ्याकडे काय, टॉवेल.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
दिवसाला हजारभर टॉवेल जातात हाताखालून.
ट्यूबलाइटखाली पसरायचा,
तुटका धागा, सुटलेली कड, डाग शोधायचा,
खडूनं खूण करून सेकंडमध्ये टाकायचा.
दुसऱ्याचा दोष शोधायचा पगार मिळतो मला.

मग मी गुरुवारचंच सांगितलं.

गुरुवारी माझा डबा कलंडला.
शेंगाचटणीवर करडईचं तेल मी जरा जास्तच घेते,
ते पिशवीतून झिरपलं पांढऱ्या थप्पीत.
चौदा टॉवेल गेले.
मी थप्पी उलटी केली. एवढंच केलं.

मुकादमानं डाग बोटानं चोळला, हुंगला नाही.
"लूमचं तेल हे. थप्पी कुणाची?"
चिठ्ठी नरसय्याची होती.
"तुमच्या ध्यानात नाही आलं का ओ?"
म्हटलं, मला माहीत नाही.
ऑफिसात मालकाच्या मुलानं विचारलं.
म्हटलं, मला काय माहीत.
नरसय्याच्या पगारातून पाचशे साठ कापायचं ठरलं.
जिन्यात तो भेटला, कानात कापूस तसाच,
"अक्का, माझी मशीन गळालीय काय की?"
म्हटलं, असेल, मला नाही माहीत,
आणि सुट्टीचा भोंगा वाजला.

आमच्या कारखान्यात कोंबडा नाही.
भोंगा आहे, सोळा वर्षं ऐकतेय.
त्या दिवशी मी पायरीवरच बसले.

पाळकीणबाईंनी इथे घसा खाकरला.
चहा निवत होता, धडा यायला हवा होता.
मी म्हटलं, थांबा, अजून पाणी यायचंय.

पाचव्या दिवशी येतं आमच्या बोळात, तासभर.
घरी आले तर दारात दोन घागरी भरलेल्या,
वर ताटल्या झाकलेल्या.
शेजारून नरसय्याची बायको इल्लम्मा ओरडली,
"तुझं कुलूप होतं, नळ गेला असता की!"
मी ठरवलं, हे पाणी प्यायचं नाही.
एप्रिल होता. रात्री दोनला उठून प्याले,
उभ्यानंच, तांब्याला तोंड लावून.

शुक्रवारी जाऊन सांगितलं.
"येडं लागलं का ओ तुम्हाला? मिटलं होतं ते,"
मुकादम म्हणाला, आणि पाचशे साठ माझ्या नावावर लिहिले.
नरसय्यानं ऐकलं, मशीनकडे वळला.
बरोबरच होतं ते.

शनिवारी संध्याकाळी इल्लम्मा ओट्यावर विड्या वळत होती,
सूप मांडीवर.
मी खाली मान घालून निघाले होते.
"जेवलीस का?"
म्हटलं, हो.
"जेवलीस का गं?"
हो, मघाशीच.
तिनं सूप बाजूला ठेवलं, कात्री पानांत टाकली
आणि तिसऱ्यांदा विचारलं, आता तिच्या तेलुगूत:
"तिन्नावा?"
म्हटलं, नाही.

आत नरसय्या पाठमोरा बसलेला,
निखाऱ्यावर सुके बोंबील भाजत.
बोलला नाही. थोडा सरकला,
माझ्यापुरती जागा झाली.
कडक भाकरी मोडताना आवाज मोठा वाटला.
चटणीवर इल्लम्मानं तेल ओतलं,
मी नको म्हणेपर्यंत नाही,
तिच्या मनाला येईपर्यंत.

एवढंच, म्हटलं.
आमेन कुणी म्हणालं नाही लगेच.
पंखा फिरत होता, चहावर साय धरलेली.
मग हिवाळे मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,
"मलाही एक सांगायचंय.
स्वप्नातलं नाही."